हुडीवर गोळे का येतात? आणि 'ग्रेड ४' म्हणजे नक्की किती?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.)

आज सुरुवातीलाच एक काम सांगते. आत्ता अंगात जे काही असेल, टी-शर्ट, हुडी, कुर्ती, त्याची काखेजवळची बाजू बघा. नाहीतर बॅगेचा पट्टा खांद्यावर जिथे घासतो ती जागा. बारीक बारीक गोळे दिसतायत? मोहरीएवढे, काही त्याहून लहान, आणि उपटायला गेलं तर मागून तंतू ओढला जातो असे? कापडाच्या धंद्यात याला पिलिंग म्हणतात. आपण घरी म्हणतो, "स्वेटरला गोळे आलेत."

हा विषय कुठून आला ते आधी. माझा मामेभाऊ पुण्यात कॉलेजांसाठी हुडी आणि टी-शर्ट छापून देतो. छोटा धंदा आहे, दोन माणसं आणि एक प्रिंटिंग मशीन. गेल्या हिवाळ्यात त्याने एका फेस्टसाठी १८० हुडी दिल्या. कापड तिरुपूरहून मागवलेलं, ६० टक्के कापूस, ४० टक्के पॉलिएस्टर, आतून ब्रश केलेलं फ्लीस. इतकं मऊ की हातात घेतलं की गालाला लावून बघावंसं वाटायचं. महिनाभरात त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले. खांद्यावर गोळे, कोपरावर गोळे, पोटाशी लॅपटॉप धरतात तिथे गोळे. पोरांनी ग्रुपच काढला, 'हुडी रिफंड' नावाचा, आणि त्यालाच अ‍ॅडमिन केलं. त्याने पुरवठादाराला फोन लावला, तर त्याने शांतपणे लॅबचा रिपोर्ट पाठवून दिला. पिलिंग: ग्रेड ४.

"ताई, पाचपैकी चार आहेत. ऐंशी टक्के झाले ना," तो मला म्हणाला. "मग हे फोटो कसले?"

रिपोर्ट खोटा नव्हता. पोरांचे फोटोही खरे होते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे शोधण्यात माझे तीन शनिवार गेले.

आधी गोळा होतो कसा ते बघू. सूत म्हणजे हजारो छोटे तंतू एकत्र आणून त्यांना दिलेला पीळ. कापसाचा एक तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. मग एका हुडीत तंतूंची किती टोकं असतील याचा विचार करा. कापड कशावर तरी घासलं की त्यातली काही टोकं पिळातून सुटून वर येतात आणि कापडावर बारीक लव दिसायला लागते. अजून घासलं की ती लव एकमेकींत अडकते, लांब केसांचा गुंता होतो ना, तसाच. त्या गुंत्याचा होतो गोळा. हा गोळा कापडावर नुसता ठेवलेला नसतो. काही तंतू खालच्या सुतात रुतलेले असतात, त्यांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. आणि शेवटी, वाकून वाकून, घासून घासून हे धरणारे तंतू तुटतात आणि गोळा गळून पडतो.

म्हणजे कापडावर एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. नवे गोळे बनतायत आणि जुने गळतायत. आपल्याला दिसते ती मधली शिल्लक. बँकेच्या खात्यासारखंच आहे हे, नुसतं जमा बघून काही कळत नाही.

आता इथे माझा स्वतःचा एक गैरसमज मोडला. मला वाटायचं गोळे आले म्हणजे कापड कच्चं, तंतू कमजोर. बहुतेक वेळा उलट असतं! कापसाचा तंतू फार वेळा वाकला की तुटतो, म्हणून शुद्ध सुती कापडावरचे गोळे बऱ्यापैकी गळून जातात. पॉलिएस्टर आणि नायलॉन मजबूत. हजारदा वाकवा, तुटणार नाहीत. त्यामुळे गोळा एकदा बनला की तो मुक्कामालाच येतो. आणि कापूस-पॉलिएस्टरचं मिश्रण असेल तर कापूस गुंत्यासाठी भरपूर लव पुरवतो आणि पॉलिएस्टर तो गुंता घट्ट धरून ठेवतं. माझ्या भावाच्या हुडीत नेमकं हेच चाललं होतं.

म्हणूनच धाग्याच्या कंपन्या 'लो-पिल' पॉलिएस्टर बनवतात, आणि ते कसं बनवतात माहितीये? मुद्दाम थोडं कमजोर करून. त्याच्या रेणूंच्या साखळ्या आखूड ठेवतात, म्हणजे तंतू वाकून लवकर तुटतो आणि गोळा गळतो. कमजोर माल जास्त पैसे देऊन घ्यायचा, असा हा कारभार आहे.

ही डोकेदुखी मोठी झाली तीही याच धाग्यामुळे. लोकरीला गोळे पूर्वीपासून येतातच, पण १९४१ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या एका कंपनीत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरच्या धाग्याचं पेटंट घेतलं. पुढे आयसीआय कंपनीने तो 'टेरिलिन' नावाने बाजारात आणला. आजोबांच्या तोंडून 'टेरिकॉटची पँट' ऐकलं असेल, त्यातलं 'टेरि' हेच, आणि 'कॉट' म्हणजे कॉटन. न चुरगळणारं, लवकर वाळणारं कापड लोकांना प्रचंड आवडलं. फक्त गोळे जाईनात. मग ते मोजायची यंत्रं लागली, आणि त्यातल्या एकाला नावच पडलं आयसीआय पिलिंग बॉक्स.

हा बॉक्स मी लॅबमध्ये पाहिला. (या भागात मागे ढबढब असा जो आवाज ऐकू येतो तो त्याचाच.) साधारण नऊ इंचाची चौकोनी पेटी, आतून सगळीकडे कॉर्क, म्हणजे बाटलीच्या बुचाचं अस्तर. कापडाचे चार चौकोन कापतात, सव्वाशे मिलिमीटरचे, आणि ते शिवून चार छोट्या रबरी नळ्यांवर उशीच्या अभ्य्रासारखे चढवतात. टोकांना टेप. चारही नळ्या पेटीत टाकून झाकण बंद, आणि पेटी मिनिटाला ६० वेळा गोल फिरते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत हे पाच तास चालायचं. हिशेब करा, १८,००० फेरे. बटाट्याचं पोतं कुणीतरी पाच तास हलवत बसलंय असा तो आवाज येतो. पेटी अगदी साधी आहे आणि मला ती फार आवडली.

अमेरिकन पद्धतीत वेगळा प्रकार. तिथे कॉर्कचं अस्तर असलेला एक दंडगोल असतो आणि त्यात पाती गरागरा फिरतात, मिनिटाला १,२०० वेळा. कापडाचे तुकडे त्यात अर्धा तास भिरभिरत राहतात. आणि त्यात मुद्दाम चिमूटभर करडा कापूस बारीक कातरून टाकतात! कारण खऱ्या आयुष्यातही गोळा फक्त त्याच कापडाचा नसतो. टॉवेलची, सॉक्सची, चादरीची लव येऊन त्यात गुंतते. काळ्या हुडीवर पांढुरके गोळे दिसतात ते यामुळेच.

तिसरं यंत्र मार्टिनडेल. लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिनडेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात ते बनवलं, खरं तर कापड झिजून कधी फाटतं ते मोजायला. पिलिंगसाठी तेच यंत्र थोडं बदलून वापरतात. खाली गोल तुकडा, वर त्याच कापडाचा दुसरा तुकडा, वर ठरलेलं वजन. होजिअरीच्या म्हणजे निटेड कापडाला १५५ ग्रॅम, मागावर विणलेल्याला ४१५ ग्रॅम. मग वरचा तुकडा खालच्यावर घासतो, पण सरळ रेषेत नाही. आधी रेघ, मग ती फुगत फुगत लंबवर्तुळ, मग परत मिटून दुसऱ्या दिशेची रेघ. सोळा वेळा घासलं की एक पूर्ण आकृती. यामुळे कापड सगळ्या दिशांनी घासलं जातं, जसं अंगावर होतं. एकदा घासणं म्हणजे एक 'रब'. १२५ रब्सनंतर यंत्र थांबवून बघायचं, मग ५००, १,०००, २,०००, आणि गरज असेल तर ५,००० आणि ७,००० पर्यंत.

हे आकडे लक्षात ठेवा. भावाचं सगळं प्रकरण यातच अडकलेलं आहे.

पण त्याआधी ग्रेड कोण देतं? मला वाटलं होतं आता कॅमेरा असेल, सॉफ्टवेअर असेल. कॅमेऱ्याने मोजायच्या पद्धती आहेतही. पण रोजचं काम अजून माणसाचा डोळाच करतो. लॅबमधल्या मॅडम मला एका अंधाऱ्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एक काळपट कपाट, आत एका बाजूने कापडावर अगदी तिरपा पडणारा उजेड. संध्याकाळच्या उन्हात रस्त्यावरच्या बारीक खड्ड्यांचीही सावली लांब पडते ना, तसं. गोळा कितीही लहान असो, त्याची सावली पडते. शेजारी त्याच कापडाचा न घासलेला तुकडा. दोन्हींकडे बघून आकडा द्यायचा. पाच म्हणजे काहीच फरक नाही. चार म्हणजे थोडी लव, गोळे जेमतेम बनायला लागलेले. तीन म्हणजे मध्यम, गोळे स्पष्ट आहेत पण पूर्ण भाग भरलेला नाही. दोन म्हणजे बऱ्याच भागावर गोळे. एक म्हणजे सगळीकडेच. अधलेमधलेही चालतात, ३-४ असं लिहितात.

म्हणजे हे मार्क नाहीत. चार म्हणजे ऐंशी टक्के नव्हे. ही पायऱ्यांची शिडी आहे, आणि तीन आणि दोन यांच्यातलं अंतर गिऱ्हाईकाच्या दृष्टीने फार मोठं असतं. तीनवर तो कुरकुरतो, दोनवर पैसे मागतो.

मॅडमनी मला आधी आकडा सांगितला नाही. "तुम्ही सांगा," म्हणाल्या. मी म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, २-३. तिसऱ्या सहकाऱ्याला बोलावलं, तो म्हणाला, २-३. म्हणून तर एकापेक्षा जास्त जणांनी बघायचं असतं. माणसामाणसात अर्ध्या ग्रेडचा फरक पडू शकतो, आणि तो पडतो हे लॅबवाले लपवत नाहीत, ते मला बरं वाटलं.

आता पुरवठादाराचा रिपोर्ट. दोन पानांचा होता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता फक्त पहिल्या पानाचा फोटो. दुसरं पान मागवलं. त्यात बारीक अक्षरात तीन गोष्टी होत्या. पद्धत मार्टिनडेल. रब्स ५००. नमुना न धुतलेला.

पाचशे रब्स म्हणजे त्या यंत्रावर साधारण दहा-अकरा मिनिटं. तेवढ्या वेळात आपल्या कापडावर लव आली होती, गोळे नुकतेच जन्माला येत होते. फोटो त्या क्षणी काढला आणि चार मिळाले. प्रामाणिकपणे मिळाले. मॅरेथॉनच्या दुसऱ्या किलोमीटरला विचारलं की दम लागलाय का, तर कोणीही नाहीच म्हणेल.

आम्ही उरलेल्या कापडाचा तुकडा नेऊन स्वतःच्या पैशाने पुन्हा तपासायला दिला. लॅबने आधी तो चोवीस तास ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत नुसता ठेवून दिला. आर्द्रता ६५ टक्के. तापमान आंतरराष्ट्रीय पद्धतीत २० अंश, भारतीय मानकात २७. दमट हवेत तंतू वेगळे वागतात म्हणून हे करावं लागतं. मामेभाऊ म्हणाला, "मला घरी एसी नाही, माझ्या कापडाला आहे." मग निकाल आला. १२५ रब्सला ४-५. ५०० ला ४, म्हणजे पुरवठादाराचा आकडा तंतोतंत बरोबर. १,००० ला ३. आणि २,००० ला २-३. पाच वेळा धुतलेला तुकडा मात्र २,००० ला सरळ २.

धुतल्यावर घसरण का? कारण हुडी 'गालाला लावावीशी' वाटत होती ती दोन गोष्टींमुळे. एक, ब्रशिंग. आतल्या बाजूचे तंतू मुद्दाम खरवडून वर काढलेले असतात, म्हणजे लव आधीच तयार, आणि काही तंतू बाहेरच्या बाजूलाही डोकावतात. दोन, सिलिकॉनचं सॉफ्टनर. त्याने तंतू गुळगुळीत होतात, आणि गुळगुळीत तंतू पिळातून सहज सरकून बाहेर येतो. शिवाय मशीनच्या ड्रमात दर वेळी कपडे एकमेकांवर घासतात ते वेगळंच. दुकानात हात फिरवून आपण ज्या मऊपणाला भाळतो, तोच पुढे गोळ्यांचा बाप निघतो. सगळ्याच मऊ कपड्यांचं असं नसतं. लांब तंतूचं, कोम्ब केलेलं सूत मऊही असतं आणि त्याची टोकंही कमी असतात. पण ते महाग.

मॅडमनी अजून एक तुकडा दाखवला, तो माझ्या डोक्यातून जात नाही. शुद्ध सुती निट. २,००० रब्सला ३ आणि ७,००० ला ३-४. म्हणजे जास्त घासल्यावर ग्रेड सुधारली! मी खूश. तर त्या म्हणाल्या, "हातात धरा." कापड पातळ लागत होतं. गोळे गळून गेले होते आणि ते जाताना कापडच थोडं थोडं घेऊन गेले होते. त्यामुळे चांगली ग्रेड म्हणजे कापड टिकणारच असं नाही, आणि वाईट ग्रेड म्हणजे फाटणार असंही नाही. माझ्या भावाच्या हुडी अजून दहा वर्षं फाटणार नाहीत, हा त्यातला खरा विनोद आहे.

याच कारणाने सोफ्याच्या जाहिरातीत '३०,००० मार्टिनडेल' दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो आकडा झिजेचा आहे, धागे तुटेपर्यंत किती रब्स लागले त्याचा. गोळ्यांची परीक्षा वेगळी, वजन वेगळं, रेघेची लांबीही वेगळी. यंत्राचं नाव सारखं म्हणून गोंधळ होतो.

मागच्या आठवड्यात विषय जाहीर केल्यावर तुमच्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यातल्या दोन-तीन घेते. गोळे काढायचं बॅटरीवालं यंत्र वापरावं का? वापरा, हलक्या हाताने. ते गोळा कापतं, मूळ तंतू तिथेच राहतो, त्यामुळे लव पुन्हा येऊ शकते, आणि दर वेळी कापड थोडं कमी होतं. हाताने मात्र उपटू नका, त्याने आतला तंतू आणखी बाहेर ओढला जातो. महागडं घेतलं तर गोळे येणार नाहीत का? काश्मिरी पश्मिना आठवा. तंतू इतका नाजूक आणि सूत इतकं सैल पिळाचं, की गोळे येतातच. लोकरीचे असल्याने काही काळाने कमी होतात, एवढंच. जीएसएम जास्त असलेली हुडी घ्यावी का? जीएसएम म्हणजे वजन. जाड कापडालाही सैल विण आणि आखूड तंतू असेल तर गोळे येणारच. विंडचीटरला का येत नाहीत, हा प्रश्न मला फार आवडला. कारण त्यातला धागा अखंड असतो, मैलोन्‌मैल एकच तंतू. टोकंच नाहीत, तर गुंतणार काय?

घरी करण्यासारखं म्हणाल तर कपडा उलटा करून धुवा, जीन्स आणि टॉवेलबरोबर टाकू नका, ड्रम ठासून भरू नका. दुकानात कापड डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. नवीनच कपड्यावर दाट लव उभी दिसली, तर पुढे काय होणार ते तिथेच दिसतं. तो लॅबच्या कपाटाचाच गरिबांचा अवतार आहे. त्यातून ग्रेड कळणार नाही, पण दोन हुडींमधली कुठली घ्यायची ते बहुधा कळेल.

आणि जे कोणी माझ्या भावासारखे छोटे धंदे करतात, कॉलेजात मर्चंडाइजची कमिटी सांभाळतात, त्यांच्यासाठी: नुसती ग्रेड विचारू नका. कुठली पद्धत, किती रब्स किंवा किती तास, धुण्याआधी की नंतर, आणि तपासलेलं कापड हेच होतं का, रंगासकट आणि फिनिशिंगसकट. सुती कापड असेल तर बायो-पॉलिशिंग केलंय का तेही विचारा. त्यात एन्झाइमने वरची लव खाऊन टाकतात, पण ते एन्झाइम फक्त कापसावर चालतं, पॉलिएस्टरला काही करत नाही. घाटकोपरला बीटीआरए आहे, ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन आहे, अशा ठिकाणी कापडाचे नमुने तपासून मिळतात. १८० हुडी शिवायच्या आधी तो खर्च किरकोळ वाटतो, नंतर नाही.

भावाचं काय झालं, हे सगळे विचारणार. पुरवठादार म्हणाला, "५०० रब्स लिहिलं होतं, तुम्ही दुसरं पान मागितलं नाहीत." कायद्याने तो बरोबर असेल. भावाने पोरांना निम्मे पैसे परत दिले आणि दोन रविवार कॉलेजच्या गेटवर गोळे काढायचं यंत्र घेऊन बसला. साठ-सत्तर हुडी साफ करून दिल्या. त्या ग्रुपचं नाव आता 'हुडी सलून' आहे.

यंदाच्या ऑर्डरवर त्याने लिहिलंय: मार्टिनडेल, २,००० रब्स, पाच धुण्यांनंतर, किमान ३-४. नव्या पुरवठादाराने वाचून किलोमागे भाव वाढवून सांगितला आणि म्हणाला की हात लावल्यावर कापड जरा कमी मऊ लागेल, चालेल का? नमुना परवा आला. माझ्या टेबलावर पडलाय, थोडा खरखरीत आहे खरा. कॉलेजच्या कमिटीला तो आवडतो का, ते सोमवारी कळेल.